मूव्हिंग लाइट आणि कन्सोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूव्हिंग लाइट म्हणजे मोटरने स्वतःच वळणारा लाइट आणि कन्सोल म्हणजे सगळे लाइट चालवायचा बोर्ड. नाटकांचे लाइटवाले, एकांकिका स्पर्धांची मुलं आणि वाद्यवृंदाचे ऑपरेटर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दाखले बहुतेक नाटकाचे आहेत. आज शिवाजी मंदिर, उद्या गडकरी रंगायतन, परवा बालगंधर्व असा फिरणारा प्रयोग लावताना प्रोग्रॅमिंगमधल्या सगळ्या चुका एका दुपारीत उघड्या पडतात. कन्सोल कुठल्याही कंपनीचा असला तरी मूळ गोष्टी त्याच आहेत. बटणाचं नाव जिथे बदलतं तिथे तसं लिहिलं आहे.

1. नाटकाला मूव्हिंग लाइट हवेतच कशाला? ते तर ऑर्केस्ट्राचं काम.

सुरुवात तिथूनच झाली. 1981 साली जेनेसिस या इंग्लिश बँडच्या दौऱ्यात व्हॅरी-लाइटचे लाइट पहिल्यांदा वापरले गेले, आणि पुढची बरीच वर्षं हे तंत्र रॉक मैफिलींचंच राहिलं. नाटकात त्याचा उपयोग वेगळा आहे. बारवर (लाइट टांगायच्या आडव्या पाइपवर) चढून फोकस म्हणजे लाइटचा रोख बदलणं प्रयोग चालू असताना शक्य नसतं. मूव्हिंग लाइट मात्र पहिल्या प्रवेशात खुर्चीवर, दुसऱ्यात दरवाज्यावर आणि तिसऱ्यात अंगणात स्वतःच फोकस होऊन बसतो. चार लाइट बाराचं काम करतात. प्रेक्षकाला तो हलताना दिसला, तर बहुतेक वेळा प्रोग्रॅमिंग चुकलेलं असतं.

2. शार्पी मागवू की स्पॉट? भाड्याने देणारे म्हणतात सगळं सारखंच.

सारखं अजिबात नाही. शार्पी हे क्ले पाकी या इटालियन कंपनीने 2010 मध्ये आणलेलं मॉडेल. त्याचा दिवा 189 वॅटचा आणि झोत जवळजवळ समांतर. आपल्याकडे आता कुठल्याही बीम लाइटला शार्पीच म्हणतात. भाड्याच्या यादीत 5आर किंवा 7आर लिहिलेलं असतं तो दिव्याचा प्रकार, आणि 7आर म्हणजे 230 वॅट. हवेत धूर असेल तर हा झोत खांबासारखा उभा दिसतो, पण नटाच्या चेहऱ्यावर टाकण्याच्या कामाचा तो नाही. वर्तुळ लहान, कड कठोर आणि उजेड अति.

स्पॉटला झूम, फोकस (इथे कडेचा धारदारपणा), गोबो (झोतात आकृती पाडणारी चकती) आणि बहुधा आयरिस (वर्तुळ लहान-मोठं करणारी झडप) असतो. प्रोफाइल प्रकारात त्याच्या जोडीला चौकट कापणारी पाती असतात. वॉशचा उजेड पसरट आणि मऊ. नाटकासाठी माझी पसंती एलईडी स्पॉटला, आणि परवडत असेल तर पाती असलेल्या प्रोफाइलला. बीम लाइट एखाद्या स्वप्नदृश्यापुरते ठीक.

3. डीएमएक्स, चॅनेल, युनिव्हर्स म्हणजे नेमकं काय?

डीएमएक्स 512 हे कन्सोलने लाइटला आज्ञा देण्याचं प्रमाणित माध्यम, अमेरिकेत 1986 साली ठरलेलं. एका केबलवरून 512 चॅनेल जातात आणि प्रत्येक चॅनेलवर 0 ते 255 यांपैकी एक आकडा असतो. या 512 चॅनेलच्या गठ्ठ्याला युनिव्हर्स म्हणतात. साध्या डिमरला (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला) एक चॅनेल पुरतो. मूव्हिंग लाइटला पॅन (आडवं फिरणं), टिल्ट (वर-खाली झुकणं), रंग, गोबो, शटर (झोत अडवणारी झडप), डिमर अशा प्रत्येक कामासाठी वेगळा चॅनेल लागतो, त्यामुळे एकच लाइट 16, 20 किंवा त्याहून जास्त चॅनेल खातो.

आज्ञा एकाच दिशेने जाते. लाइट बंद असला, बिघडला किंवा केबल निघाली, तरी कन्सोलच्या पडद्यावर सगळं आलबेलच दिसतं. आरडीएम नावाची सोय असलेल्या लाइटकडून उलट माहिती येऊ शकते, पण त्यासाठी कन्सोल, स्प्लिटर (एका लाइनीच्या अनेक लाइनी करणारा डबा) आणि लाइट या तिघांनाही ते जमायला हवं.

4. अॅड्रेस कसे द्यायचे?

अॅड्रेस म्हणजे त्या लाइटचा पहिला चॅनेल. 16 चॅनेलचे लाइट असतील तर 1, 17, 33, 49 असे. या हिशेबाने एका युनिव्हर्समध्ये 32 लाइट बसतात.

फिरत्या नाटकासाठी मात्र लाइट 16 चॅनेलचा असला तरी मी 20 ची उडी घेतो: 1, 21, 41, 61. ऐनवेळी बदली म्हणून 20 चॅनेलचं मॉडेल आलं, तर बाकीच्यांचे अॅड्रेस हलवावे लागत नाहीत. असे 25 लाइट एका युनिव्हर्समध्ये मावतात आणि नाटकाला तेवढे कोणी देत नाही.

जुन्या लाइटवर पडद्याऐवजी डिप स्विच असतात. त्यांच्या किमती क्रमाने 1, 2, 4, 8, 16, 32, 64, 128, 256. बेरीज अॅड्रेसइतकी करायची. 21 हवा असेल तर 16, 4 आणि 1, म्हणजे पाचवा, तिसरा आणि पहिला स्विच वर. दहावा स्विच बहुधा अॅड्रेससाठी नसतो, त्याला हात लावू नका.

5. कन्सोलवर पॅन फिरवतो आणि लाइटचा रंग बदलतो. असं का?

मोड जुळलेला नाही. एकाच लाइटला दोन-तीन मोड असतात आणि प्रत्येकात चॅनेलचा क्रम वेगळा. लाइट 16 चॅनेलच्या मोडवर असेल आणि कन्सोलवर 20 चॅनेलची पर्सनॅलिटी (कुठल्या चॅनेलवर कुठलं काम याची यादी) पॅच केलेली म्हणजे त्या लाइटला जोडलेली असेल, तर हा गोंधळ ठरलेला. लाइटच्या मेनूत मोड बघा आणि तोच कन्सोलवर निवडा.

बिननावाच्या चिनी लाइटची पर्सनॅलिटी लायब्ररीत सापडत नाही. तेव्हा ‘जवळपास तसंच दिसणारं’ मॉडेल निवडून काम भागवू नका. कन्सोलच्या फिक्स्चर एडिटरमध्ये चॅनेल एकेक करून तपासत स्वतःची पर्सनॅलिटी बनवा. तासभर जातो, पण ती फाइल कायमची तुमची होते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन लाइटमध्ये आतलं सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं, म्हणून त्या ताफ्यातला प्रत्येक लाइट तपासा. नमुन्याला एक पाहून सोडू नका.

दोन लाइट जुळ्यांसारखे एकत्र हलत असतील तर भानगड मोडची नाही, अॅड्रेस एकच दिला गेला आहे.

6. नाट्यगृहाच्या बारवर सॉकेट आहेत. मूव्हिंग लाइट तिथेच लावला तर?

नाही. बारवरचे सॉकेट बहुतेक ठिकाणी डिमरवर असतात. डिमर विजेची लाट कापून हॅलोजनचा उजेड कमी-जास्त करतो. मूव्हिंग लाइटच्या आत मोटरी, पंखे आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला पूर्ण आणि स्वच्छ 230 व्होल्ट लागतात. ‘डिमर फुलवर ठेवू’ ही पळवाटही धोक्याची आहे. चुकून कोणी तो स्लायडर खाली ओढला की लाइटचा बोर्ड गेला. एलईडी पारलाही (न हलणाऱ्या साध्या एलईडी लाइटलाही) हाच नियम. नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनकडे डिमरविना सरळ सप्लाय मागा आणि भार आधी सांगा. 230 वॅट हा आकडा फक्त दिव्याचा असतो, लाइट त्यापेक्षा जास्त वीज घेतो. खरा आकडा त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर छापलेला असतो.

7. सगळं जोडलं, लाइट हलतो, पण उजेडच नाही.

आधी कन्सोलवर बघा: डिमर फुल आहे का आणि शटर उघडं आहे का? ही दोन वेगळी चॅनेल आहेत. काही लाइटमध्ये शटर 0 वर असेल तर डिमर कितीही चढवा, अंधारच.

दोन्ही ठीक असतील आणि लाइट 5आर-7आर जातीचा असेल, तर दिवा पेटलेलाच नसेल. हे डिस्चार्ज दिवे. लाइटच्या मेनूतून किंवा कंट्रोल चॅनेलवर ठरावीक आकडा काही सेकंद धरून ते पेटवावे लागतात. विझवले की थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत, त्यात काही मिनिटं जातात. म्हणून मध्यंतरात दिवा वाचवायला जाऊ नका. नुसतं शटर बंद करा. पेटवतानाही सगळे एकदम नकोत, एकेक पेटवा म्हणजे सप्लायवर एकाच क्षणी ताण येत नाही.

8. पॅलेट बनवायला वेळ जातो. थेट क्यू रेकॉर्ड केले तर काय बिघडतं?

क्यू म्हणजे साठवलेली एक प्रकाशस्थिती, पॅलेट म्हणजे नाव देऊन ठेवलेली एखादी जागा किंवा रंग. थेट क्यू केले तर पहिल्या प्रयोगात काहीच बिघडत नाही. दुसऱ्या नाट्यगृहात सगळं बिघडतं.

समजा, नायिकेच्या खुर्चीवरचा उजेड 14 क्यूंमध्ये आहे. थेट रेकॉर्ड केलं असेल तर त्या चौदाही क्यूंमध्ये पॅन अमुक, टिल्ट तमुक असे आकडे बसलेले असतात. नव्या नाट्यगृहात बार दोन फूट खाली आला की ते चौदाही चुकले. ‘खुर्ची’ नावाचं पोझिशन पॅलेट बनवून तेच क्यूंमध्ये वापरलं असेल, तर क्यूमध्ये आकडा नसतोच, फक्त ‘खुर्ची’कडे बोट असतं. लाइट पुन्हा खुर्चीवर नेला, पॅलेट अपडेट केलं, की चौदा क्यू एका दमात दुरुस्त. ग्रँडएमए कन्सोलवर याला प्रीसेट म्हणतात. अव्होलाइट्स, मॅजिकक्यू आणि ईऑसवर पॅलेट.

रंगाचंही असंच करा. ‘संध्याकाळ’, ‘चांदणं’, ‘ट्यूबलाइट’ अशी पॅलेट असली की भाड्याने दुसऱ्या जातीचे लाइट आले तरी पॅलेटमध्ये रंग जुळवून मोकळं होता येतं. गोबोसाठीही वेगळं पॅलेट हवं, कारण ‘जाळीची खिडकी’ एका लाइटच्या चाकात तिसरी असते आणि दुसऱ्याच्या सातवी. नावं नाटकातलीच द्या. ‘पोझिशन 7’ म्हणजे काय, हे महिन्याभराने बदली ऑपरेटरला सोडाच, तुम्हालाही आठवणार नाही.

यात एक खाच आहे. ‘खुर्ची’ लावलं, मग ‘जरा डावीकडे’ म्हणून चाक फिरवलं आणि रेकॉर्ड केलं, तर पॅलेटशी असलेलं नातं तुटतं आणि क्यूमध्ये कोरडा आकडा बसतो. रेकॉर्ड करण्यापूर्वी पडद्यावर बघा, तिथे पॅलेटचं नाव दिसलं पाहिजे. आकडा दिसत असेल तर थांबा: हा बदल ‘खुर्ची’तच व्हायला हवा, की ‘खुर्ची उभी’ असं नवीन पॅलेट हवं, हे आधी ठरवा.

9. दुपारचा प्रयोग संपल्यावर हॉल ताब्यात मिळतो. इतक्या कमी वेळात फोकस कसा आटोपायचा?

अर्धी तयारी हॉलमध्ये शिरण्यापूर्वीच झालेली असावी. लाइटच्या पायावर बाण काढून ठेवा, हा बाण नेहमी प्रेक्षकांकडे. उलटा टांगला गेला की पॅन अर्ध्या वर्तुळाने चुकतो आणि सगळी पॅलेट भलतीकडे बघतात. अॅड्रेस अंगावर रंगवून ठेवा आणि मधल्या बारवरचा लाइट दर वेळी मधल्याच बारवर जाऊ द्या.

पोझिशन मोजक्या ठेवा. दिवाणखान्याच्या नाटकाला आठ-दहा पुरतात. त्यापुढे गेलात तर बहुधा दोन पोझिशन एकच काम करत असतात. लाइट चढले की आधी प्रत्येकाचा पॅन-टिल्ट हलवून दिशा बरोबर आहे का बघा आणि नंतरच पोझिशन घ्यायला लागा. नेपथ्य लागल्याशिवाय फोकस सुरू करू नका. लेव्हल (रंगमंचावरचा चौथरा) अर्धा फूट सरकली की सगळं पुन्हा करावं लागतं. जमिनीवरच्या खुणेवर लाइट मारून समाधान मानू नका, तिथे माणूस उभा करा. बसलेल्याचा चेहरा आणि उभ्या माणसाचा चेहरा यांत फूट-दीड फुटाचं अंतर असतं आणि जमिनीवर बरोबर दिसणारं वर्तुळ उभ्या नटाच्या छातीवर संपतं.

बार वर-खाली झाला की अंतर बदलतं, म्हणून झूम आणि फोकसही बदलतात. प्रत्येक पोझिशनच्या जोडीला त्याच नावाचं बीम पॅलेट ठेवा आणि दोन्ही एकत्र अपडेट करत जा. चांगल्या झालेल्या एका प्रयोगात प्रत्येक पोझिशनचा फोटो प्रेक्षागृहाच्या मध्यातून काढून ठेवला, तर ‘तिकडे असं नव्हतं’ हा वाद तिथेच मिटतो.

10. ब्लॅकआउटनंतर लाइट उजळत उजळत नव्या जागी सरकतो. सगळ्यांना दिसतं.

जागा आणि उजेड एकाच क्यूमध्ये बदलत आहेत. लाइट अंधारात असतानाच नव्या जागी जाऊन थांबायला हवा. बऱ्याच कन्सोलवर यासाठी सोय असते: मूव्ह इन ब्लॅक, मूव्ह इन डार्क किंवा ईऑसवर मार्क. ती चालू केली की कन्सोल पुढचे क्यू वाचतो आणि रिकाम्या लाइटला आधीच पाठवतो.

ही सोय कुठे चालत नाही ते कळलं पाहिजे. लाइट आधीच्या क्यूमध्ये पेटलेलाच असेल तर त्याला हलायला वेळच मिळत नाही. तेव्हा एकतर दुसरा लाइट वापरा किंवा मध्ये एक बिनउजेडाचा क्यू घालून त्याला दोन सेकंद द्या. दुसरी अडचण आवाजाची. आई मुलाच्या पत्राची घडी उलगडते आहे, रंगमंचावर शांतता आहे आणि वर मोटर ‘झूँ’ करून फिरते. अशा ठिकाणी कन्सोलच्या भरवशावर राहू नका. लाइट हलवण्याची जागा स्वतः ठरवा: आधीच्या संगीताखाली किंवा हमखास हशा येतो तिथे.

11. एका क्यूमध्ये रंग बदलला आणि पुढच्या दहा क्यूंमध्येही बदलला. फाइल खराब झाली का?

नाही, हे ट्रॅकिंग आहे. ग्रँडएमए आणि ईऑससारख्या कन्सोलवर क्यूमध्ये फक्त बदल साठवले जातात. क्यू 20 मध्ये निळा दिला आणि 21 ते 30 मध्ये रंगाबद्दल काहीच सांगितलं नसेल, तर निळा तिसाव्या क्यूपर्यंत वाहत जातो. विसावा हिरवा केला की पुढचे सगळे हिरवे. बदल त्या एकाच क्यूपुरता हवा असेल तर क्यू ओन्ली या पर्यायाने साठवा.

मी प्रत्येक अंकाच्या आणि मोठ्या प्रवेशाच्या पहिल्या क्यूला ब्लॉक क्यू करतो, म्हणजे त्यात सगळ्या लाइटची पूर्ण स्थिती साठवतो. पहिल्या अंकात केलेली दुरुस्ती मग दुसऱ्या अंकात शिरत नाही. तालमीत दिग्दर्शक ‘पान 20 पासून’ म्हणाले, तर थेट त्या क्यूवर उडी मारा. ट्रॅकिंग धरून स्थिती काय हवी याचा हिशेब कन्सोल करतो. मागचे क्यू भराभर दाबत जायची गरज नाही.

12. स्लायडर शून्यावर आणला तरी उजेड जात नाही.

तोच लाइट दुसऱ्या स्लायडरवरही चालू आहे. डिमरसाठी बरेच कन्सोल एचटीपी पाळतात: दोन जागांहून आज्ञा आल्या तर मोठा आकडा जिंकतो. पॅन, टिल्ट, रंग यांना एलटीपी लागतो, म्हणजे शेवटची आज्ञा जिंकते. त्यामुळे एका स्लायडरने लाइट पेटलेला राहतो आणि दुसऱ्याने त्याची जागा बदलते, असा विचित्र प्रकार दिसतो. चालू असलेले सगळे प्लेबॅक (क्यू चालवणारे स्लायडर) सोडा आणि प्रोग्रॅमरही (हाताने दिलेल्या, न साठवलेल्या आज्ञांची जागा) क्लिअर करा. प्रोग्रॅमरमध्ये राहिलेला आकडा सगळ्यांच्या वर बसतो, आणि ‘क्यू दाबला पण काहीच झालं नाही’ या तक्रारीमागेही बऱ्याचदा हेच असतं.

13. हळू पॅन दिला की झोत टप्प्याटप्प्याने उड्या मारतो.

लाइट 8-बिट मोडवर आहे. पॅन साधारण 540 अंश फिरतो. ते 255 टप्प्यांत वाटले तर एक टप्पा दोन अंशांहून थोडा मोठा, आणि 10 मीटरवर तेवढ्यात झोत 37 सेंटिमीटर उडी मारतो. 16-बिट मोडमध्ये पॅनसाठी दोन चॅनेल जोडून 65,536 पायऱ्या मिळतात आणि तीच उडी दीड मिलिमीटरच्या आत येते. लाइटच्या मेनूत मोड बदला आणि कन्सोलवर पॅचही बदला (प्रश्न 5). मोड 16-बिट असूनही उड्या येत असतील तर लाइटच्या मेनूत पॅन-टिल्टचा वेग किंवा स्मूथ पर्याय तपासा. त्यानंतरही थांबलं नाही तर पट्टा सैल झालेला असतो, ते काम वर्कशॉपचं.

14. दरवाज्याकडून खुर्चीकडे जाताना एकच लाइट लांबून, प्रेक्षकांवरून फिरून येतो.

रंगमंचावरच्या एकाच बिंदूकडे लाइट दोन प्रकारे बघू शकतो: समोरून, किंवा पॅन अर्धा फिरवून आणि टिल्ट उलटा टाकून. दोन पॅलेट घेताना एक या प्रकारे आणि दुसरं त्या प्रकारे घेतलं गेलं की मधला प्रवास लांबचा होतो. लाइट निवडा आणि फ्लिप दाबा. तो त्याच बिंदूवर दुसऱ्या मार्गाने येईल. मग पॅलेट अपडेट करा. फोकस सुरू करताना सगळे लाइट एकाच होम स्थितीतून (ठरलेल्या मूळ जागेतून) उचलण्याची सवय लावली की हे सहसा होत नाही.

15. पिवळ्यावरून निळ्यावर फेड दिला तर मध्ये लाल, हिरवा सगळे दिसून जातात.

तुमच्या लाइटमध्ये रंगांचं चाक आहे. ते फिरताना मधले सगळे रंग झोतासमोरून जातात, फेड करणं त्याला शक्यच नाही. रंगाचा वेळ शून्य द्या किंवा अंधारात बदला. सायन, मजेंटा, यलो अशी मिश्रणाची सोय किंवा एलईडी असेल तर फेड मिळतो. तरी अंबरपासून निळ्यापर्यंतच्या वाटेत गुलाबीसर पांढरा येतोच. पहाटेच्या प्रवेशात तो सुंदर दिसतो, इतर वेळी मध्ये एक क्यू घालून वाट वळवावी लागते.

16. लाइट मधूनच थरथरतात, आपोआप भलतीकडे बघतात.

केबल. दहातले नऊ वेळा केबल. माइकची तीन पिनची केबल डीएमएक्सला बसते म्हणून लोक ती लावतात, पण तिची जडणघडण या वेगाच्या डेटासाठी नसते. थोड्या अंतरावर चालते, लांब गेली की झटके सुरू.

लाइट एकामागून एक साखळीत जोडा, मध्ये वाय जोड देऊन फांद्या पाडू नका. दोन दिशांना न्यायचं असेल तर स्प्लिटर लावा. साखळीतल्या शेवटच्या लाइटच्या आउटमध्ये टर्मिनेटर हवा, म्हणजे पिन 2 आणि 3 यांच्यामध्ये 120 ओहमचा रेझिस्टर. एका साखळीत जास्तीत जास्त 32 उपकरणं, आणि भाड्याच्या मालाबाबत मी त्याच्या निम्म्यावरच थांबतो. दोष शोधताना साखळी मधोमध तोडा. पहिला अर्धा भाग शांत झाला तर दोष पुढच्या अर्ध्यात.

17. हॉलचा कन्सोल आणि आमचा कन्सोल, दोन्ही एकत्र चालतील का?

दोन वेगळ्या लाइनींवर खुशाल चालवा: हॅलोजन हॉलच्या कन्सोलवर, मूव्हिंग तुमच्यावर. दोन्हींच्या केबल वाय जोडाने एकत्र करू नका, दोन्हींचा डेटा एकमेकांवर आदळतो. एकत्र करायचंच असेल तर मर्जर नावाचं उपकरण लागतं.

आर्ट-नेट किंवा एसएसीएन या पद्धतींनी डीएमएक्स नेटवर्कवरून पाठवत असाल तर काम सोपं होतं. एसएसीएनमध्ये प्रत्येक स्रोताला 0 ते 200 अशी प्राधान्यता देता येते (न सांगितल्यास 100), म्हणजे बॅकअप कन्सोल 90 वर ठेवून दोन्ही चालू ठेवता येतात. माझं मत विचाराल तर एका नाटकाचा ‘गो’ (पुढचा क्यू सोडायचं बटण) एकाच बोटाखाली असावा. दोन ऑपरेटर दोन कन्सोलवर असले की ब्लॅकआउट दोन वेळा होतो.

18. साउंडबरोबर टाइमकोड लावून सगळं ऑटोमॅटिक करता येईल?

टाइमकोड म्हणजे साउंडसोबत धावणारं घड्याळ, त्यावर क्यू आपोआप सुटतात. ध्वनिमुद्रित गाण्यावरच्या नृत्याला जरूर लावा. आपल्याकडे सहसा सेकंदाला 25 फ्रेमचा टाइमकोड वापरतात. साउंड आणि कन्सोल दोन्हींकडे तोच दर असल्याची खात्री करा. नाटकातल्या संवादांना लावू नका. एन्ट्रीला टाळी पडली की नट थांबतो, टाइमकोड थांबत नाही. एखाद्या साउंड क्यूबरोबरच लाइट बदलायला हवा असेल, तर साउंडच्या कॉम्प्युटरवरून कन्सोलला मिडीने (यंत्रांनी एकमेकांना संदेश देण्याच्या पद्धतीने) एक ‘गो’ पाठवणं पुरतं.

19. ऑर्केस्ट्राची गाणी आयत्या वेळी कळतात. क्यू कसे करायचे?

क्यूच करू नका. स्लायडरवर सुटे भाग ठेवा: एका ओळीत पोझिशन (गायक, वादक, प्रेक्षागृह, पंख्यासारखे पसरलेले झोत), दुसरीत रंग, तिसरीत इफेक्ट (आपोआप चालू राहणाऱ्या हालचाली), आणि डिमर वेगळा. मग गाणं ऐकत हाताने जुळवत जा. इफेक्टचा वेग टॅप बटणाला जोडा आणि तबल्याच्या समेवर टॅप करा. इफेक्ट पोझिशन पॅलेटच्या भोवती फिरणारा बनवा, म्हणजे जागा बदलली की तोही सोबत जातो. भावगीताला शार्पी फिरवायचा मोह आवरा. तिथे एक रंग आणि एक जागा धरून बसणं हेच काम.

20. प्रयोगाचं चित्रीकरण केलं तर त्यात पट्टे आणि लुकलुक दिसते.

एलईडीचा उजेड अतिशय वेगाने चालू-बंद होऊन कमी केला जातो. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं. लाइटच्या मेनूत पीडब्ल्यूएम फ्रिक्वेन्सी (या चालू-बंदचा वेग) असेल तर ती वाढवा. कॅमेरावाल्याला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवायला सांगा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे. लुकलुक कमी उजेडात जास्त दिसते, म्हणून 8-10 टक्क्यांवरचे क्यू चित्रीकरणापूर्वी तपासा.

21. उघड्या मैदानावर लाइट दिवसभर टांगलेले असतात. काही काळजी?

भिंगाचं तोंड खाली करून ठेवा. ऊन भिंगातून आत गेलं तर एका बिंदूवर एकवटतं आणि आतले गोबो, प्रिझम, पट्टे जाळतं, लाइट बंद असला तरीही. रात्री झोत कापडी मांडवाच्या जवळ रोखून ठेवू नका, किमान अंतर लाइटवर छापलेलं असतं.

22. घरी कन्सोल नाही. सराव कसा करू?

मॅजिकक्यू, ग्रँडएमए3, ईऑस आणि अव्होलाइट्स टायटन यांची कॉम्प्युटरवर चालणारी रूपं शिकण्यासाठी फुकट मिळतात. खरे लाइट चालवायला बहुतेकांना कंपनीचं हार्डवेअर किंवा परवाना लागतो, सरावाला काही अडत नाही. भाड्याने जो कन्सोल सहज मिळतो तोच शिका. व्हिज्युअलायझरमध्ये (रंगमंच आणि झोत पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नाटकाचा सेट ढोबळ उभा करा, आठ लाइट टांगा आणि पॅलेटपासून पहिला अंक पूर्ण लावून बघा. उजेड किती पडेल याबाबत त्या चित्रावर विश्वास ठेवू नका. जागा आणि क्यूंचा क्रम यापुरतंच ते खरं.

23. एका कन्सोलची शो फाइल दुसऱ्यावर चालेल का?

दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर नाही. त्याच कंपनीच्या असेल तर बहुधा चालते, पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेली फाइल जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही. भाड्याचा कन्सोल ठरवताना आवृत्ती विचारून घ्या. फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवा आणि क्यूशीट कागदावर: क्यू नंबर, वाक्य, काय होतं, किती सेकंदांत, कुठलं पॅलेट. तेवढ्यावर कुठलाही ऑपरेटर कुठल्याही कन्सोलवर नाटक पुन्हा उभं करू शकतो.

24. पहिली घंटा झाली आणि एक लाइट बिघडला. आता?

आधी तो गप्प करा. वेडावाकडा फिरत असेल तर शटर बंद करून पार्क करा, म्हणजे कुठलाही क्यू त्याला हलवणार नाही. पार्कलाही दाद देत नसेल तर थेट वीज काढा. मात्र लाइटमधून डेटा पुढे जातो का हे मॉडेलवर अवलंबून असतं, तेव्हा वीज काढल्यावर साखळीतला पुढचा लाइट चालतोय का ते लगेच बघा. तो थांबला असेल तर बिघडलेल्याच्या इन आणि आउट केबल एकमेकांना जोडून त्याला वगळा.

मग क्यूशीटवर बोट फिरवा. त्या लाइटवाचून चेहरा अंधारात जातो असे क्यू तीन-चारच निघतात. तेवढ्यांपुरता शेजारच्या लाइटला तेच पॅलेट द्या. त्यासाठी प्रत्येक पॅलेट घेताना ते सगळ्या लाइटसाठी घेतलेलं असायला हवं, त्या क्षणी वापरात नसलेल्यांसाठीसुद्धा. जादा लाइट हाताशी असेल आणि जात वेगळी असेल तर पॅचमध्ये फिक्स्चर एक्स्चेंज करून कन्सोलला भाषांतर करू द्या. पोझिशन मात्र पुन्हा घ्याव्या लागतील, त्यामुळे तिसऱ्या घंटेपूर्वी वेळ नसेल तर हे काम मध्यंतरावर ढकला.